गोदावरी, यमुना, द्वारका... पणजीचं नाव लेकीला ठेवावं का? आणि मधल्या नावाचं काय?

सांजवात
नमस्कार मंडळी. इथली जुनी वाचक आहे पण धागा पहिल्यांदाच काढतेय, तोही रात्री अडीच वाजता एका हाताने टाईप करून, कारण दुसऱ्या हातावर पाच दिवसांची लेक झोपलीय. बारसं येत्या रविवारी, बाराव्या दिवशी, आणि नावाचं अजून घोंगडं भिजत पडलंय.

झालं असं की परवा आईने बाळाच्या आंघोळीच्या पाण्यासाठी माळ्यावरून एक तांब्याची कळशी काढली. पार काळी पडलेली. चिंच लावून घासली तेव्हा गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वर आली, "चि. सौ. कां. गोदावरी हीस मामांकडून १९३४". मी विचारलं ही गोदावरी कोण? तर आई म्हणाली, अगं ही तुझी पणजी, माझ्या आईची आई. मी चाटच पडले. आम्हाला ती सुशीला म्हणून माहीत. फोटोखाली सुशीला, रेशनकार्डावर सुशीला, श्राद्धालाही सुशीलाच. लग्नात नाव बदललं आणि गोदावरी उरली ती फक्त या कळशीवर. आंदण आलेल्या भांड्यावर नाव होतं पण भांडं ज्या घरात आलं तिथे त्या नावाची बाईच नव्हती, हे काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

तर मला लेकीचं नाव गोदावरी ठेवायचंय. नवऱ्याला आवडलंय. सासूबाई म्हणतात फार जुनाट वाटतं. नणंद म्हणजे बाळाची आत्या तर म्हणते मी कानात काय सांगू, गोदाबाई?

दुसरा प्रश्न मधल्या नावाचा. नवऱ्याचं नाव सत्यजित, माझं पल्लवी. आता आईचं नावही लावायचं असतं म्हणे. गोदावरी पल्लवी सत्यजित आणि पुढे चार अक्षरी आडनाव, आगगाडीच होतेय. कोणी अशी जुनी नावं ठेवलीत का मुलींची? पुढे काय अनुभव आला? मधल्या नावाशी जुळवून कसं घेतलंत?

कोरा_कागद
ठेवा. विचारूच नका कोणाला.

शेवग्याची_शेंग
अभिनंदन गं! बाळबाळंतीण कशा आहेत? नाव सुंदर आहे पण शाळेत मुलं काय करतील याचा विचार कर. आमच्या वर्गात एक गोदावरी होती तिला सातवीपर्यंत सगळे गोदाम म्हणायचे.

तिखटमीठ
शेंगताई, पोरं कशालाही चिडवतात हो. माझं नाव इतकं साधं आहे की त्यावरून काही सुचणारच नाही असं आईबाबांना वाटलं असेल, तरी मला दहावीपर्यंत 'तवा' म्हणायचे. का ते अजून कळलेलं नाही.

ठसठशीत
मी विरुद्ध बाजूने लिहिणारे, राग मानू नका. माझं नाव द्वारका. जन्म १९७८. माझ्या बरोबरीच्या सगळ्या संगीता, सुनीता, मनीषा, वैशाली आणि त्यात मी द्वारका, कारण आजोबा यात्रेला गेले होते आणि तिथून परत आल्यावर मी झाले. पहिलीत बाईंनी हजेरी घेतली तेव्हा वर्ग हसला आणि तो हशा कॉलेजपर्यंत माझ्यामागे आला. पहिल्या नोकरीत साहेब म्हणाले, तुम्ही फोनवर नाव सांगता तेव्हा लोकांना वाटतं कामवाल्या बाईने उचलला. मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. शेवटी सत्तावीसाव्या वर्षी राजपत्रात देऊन नाव बदललं, आता कागदोपत्री मी वेगळीच कोणीतरी आहे.

नाव ठेवणाऱ्याला त्यात पणजी दिसते, कळशी दिसते. ज्याला ते वापरायचंय त्याला ते रोज सकाळी हजेरीत ऐकावं लागतं. एवढाच विचार करा.

बोरूबहाद्दर
द्वारकाताई (हेच म्हणतो, चालेल ना?), तुमचं दुःख खरं आहे. पण सांजवात यांच्या कळशीवरून एक गोष्ट आठवली ती लिहितोच.

लग्नात नाव बदललेल्या आपल्याकडच्या बायका बघा. आनंदीबाई जोशी, १८६५ चा जन्म, १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्यांचं माहेरचं नाव यमुना. रमाबाई रानडे, माहेरच्या यमुनाच. टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई, माहेरचं नाव तापी. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या आनंदीबाई, म्हणजे आपल्या बाया कर्वे, माहेरच्या गोदू.

यमुना, यमुना, तापी, गोदा. चारही नद्या आणि चारही लग्नाच्या बोहल्यावर अडवल्या गेल्या. तुमची पणजी पाचवी. तेव्हा जुनं नाव फॅशन म्हणून ठेवणं वेगळं आणि काढून घेतलेलं नाव परत देणं वेगळं. तुम्ही करताय ते दुसरं आहे असं मला वाटतं.

घाटमाथा
वा बोरू, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आणि सावित्रीसुद्धा नदीच आहे हं. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचं पाणी येतं, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. त्यातली सावित्री खाली महाडकडे उतरून अरबी समुद्राला मिळते. आमच्या गल्लीत कोयना आहे, आठवीत, कबड्डीत जिल्ह्याला खेळते. कृष्णा नावाच्या आजी होत्या, किशीआजी. वेण्णा कोणी ठेवलेलं ऐकलं नाही पण ठेवायला हरकत काय आहे. आणि इरावती कर्वे! त्यांचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला, तिथल्या इरावती नदीवरून नाव. ते नाव आज कोणालाही जुनाट वाटत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
सगळं वाचलं. एक विचारू का मंडळी, तुम्ही ज्या नावांना "परत आणायचं" म्हणताय ती गेली होती कुठे? आमच्या बुलढाण्याकडे या, गोदाबाई, वेणूबाई, चंद्रभागा, अनसूया, कौसल्या, सगळ्या शेतात निंदायला भेटतील. माझी मावशी गोदावरी, माझी काकू द्वारका. त्यांची नावं जुनी नाहीत, त्या सकाळी उठून भाकरी बांधून कामाला जातात.

पुण्यातल्या फ्लॅटमधली पोरगी गोदा झाली की किती गोड, आणि माझी मावशी दवाखान्यात गेली की खिडकीवरचा माणूस अर्धं नाव ऐकूनच बोटाने दाखवतो, तिकडे बसा. ठसठशीत ताईंच्या साहेबाला जे वाटलं ते काय नावाचं वजन होतं का? ते हे नाव कोण लावतं त्याचं होतं. तुम्ही नाव ठेवा, जरूर ठेवा. फक्त ते आमच्यासाठी जिवंत आहे एवढं ध्यानात राहू द्या. पोरगी मोठी झाली की तिला एकदा आमच्या मावशीला भेटवा, दोघींचं जमेल.

ठसठशीत
ठेचा भाऊ, तुमची पोस्ट तीनदा वाचली. चाळीस वर्षं मी नावाला दोष देत आले. उद्या सविस्तर लिहिते.

सांजवात
ठेचादादा, मनापासून धन्यवाद. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मावशींना नमस्कार सांगा, मी खरंच भेटायला आणेन तिला.

रानमेवा
पण सगळीच जुनी नावं परत आणू नयेत हेही लिहा कोणीतरी. मूल जगत नाही म्हणून धोंडाबाई, केराबाई, उकर्डाबाई ठेवायचे, म्हणजे देवाची नजर पडू नये, मृत्यूने कचरा समजून सोडून द्यावं. त्यामागे आईचं काळीज तरी असायचं. पण नकोशी? चौथी पाचवी मुलगी झाली की नकोशी, नकुसा. साताऱ्यात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेऊन २८५ मुलींची ही नावं बदलली. त्या मुलींनी स्वतः नवीन नावं निवडली. तेव्हा "जुनं ते सोनं" असं सरसकट नाही. आमच्याच भावकीत एक नकुसाकाकी होत्या, सगळ्यांची बाळंतपणं त्यांनी केली, सगळ्यांना हव्या असायच्या. नाव मात्र तेच राहिलं शेवटपर्यंत.

शेवग्याची_शेंग
रानमेवा, अंगावर काटा आला.

पाटीपेन्सिल
मला यात एक गंमत दिसते. आईच्या पिढीची नावं शिळी वाटतात, आजीच्या पिढीची म्हातारी वाटतात, पणजीच्या पिढीची एकदम ताजी. म्हणजे आज कोणी बाळाचं नाव सुरेखा किंवा मंगल ठेवणार नाही, कुसुम, विमल, शालिनीही नाही. पण रमा, मुक्ता, सई, अहिल्या, जिजा धडाधड. माझा अंदाज असा की नाव विसरायला तीन पिढ्या लागतात, त्या नावाची ओळखीची सगळी माणसं गेली की ते मोकळं होतं.

अजून एक. परत आलेली नावं बहुतेक दोन अक्षरी आहेत, आणि त्यांचं "बाई" काढून टाकलंय. मुक्ताबाई म्हटलं की देव्हारा, मुक्ता म्हटलं की बाकावर शेजारी बसलेली मुलगी. येसूबाई, सईबाई, जनाबाई यांचंही तेच. सई तर आता इतकी झालीत की आमच्या पाळणाघरात सई एक, सई दोन असं चालतं. भागीरथी, सरस्वती, इंदुमती या लांब नावांवर मात्र अजून कोणी हात घातला नाही. गोदावरी त्या गटातली म्हणून मला उलट जास्त आवडतंय. पूर्ण नावात पाणी वाहतं, "गोदा" मध्ये थांबतं.

नोंदवही
मी नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीकडे काम करते म्हणून मधल्या नावाबद्दल सांगते, इथे दरवेळी गोंधळ असतो.

महाराष्ट्र सरकारचा निर्णय असा की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव लिहिताना आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. तुमच्या लेकीचं गोदावरी पल्लवी सत्यजित आणि आडनाव, बरोबर लिहिलंय तुम्ही. त्याआधी जन्मलेल्यांना हे लागू नाही, त्यामुळे घरात मोठं भावंड असेल तर दोघांच्या नावांची रचना वेगळी दिसेल, घाबरू नका.

दुसरं, नावाची घाई करू नका. जन्माची नोंद बाळाच्या नावाशिवाय होते. नोंदणीनंतर बारा महिन्यांत नाव घालायला पैसे लागत नाहीत, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. पण एकदा घातलेलं नाव सहजासहजी बदलत नाही. आमच्या खिडकीवर रोज एक तरी जोडपं येतं, घाईत अ‍ॅपवरचं नाव दिलं, आता आजोबांना आवडत नाही म्हणून.

आणि कृपा करून मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग घरी कागदावर लिहून आणा. गोदावरीत शेवटी आय की डबल ई हे खिडकीशी उभं राहून भांडायचं नसतं.

तिखटमीठ
नोंदवही ताईंना साष्टांग. मधल्या नावावरून आमच्या घरचा किस्सा. आपल्याकडे मुलीच्या नावापुढे बापाचं नाव आणि लग्नानंतर त्याच जागी नवऱ्याचं, त्यामुळे एक धोका असतो. काकाचं नाव शंकर. त्याने हौसेने लेकीचं नाव ठेवलं पार्वती. शाळेच्या दाखल्यावर पार्वती शंकर. बारावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक तिला म्हणाले, लग्न होऊनही शिकताय, कौतुक आहे!

तेव्हा बापाचं नाव सत्यवान असेल तर सावित्री नको, विठ्ठल असेल तर रखमा नको, आणि रामराव असतील तर सीता अजिबात नको. सत्यजितला काही धोका नाही, बिनधास्त जा.

शेवग्याची_शेंग
हाहाहा. आमच्याकडे राधा कृष्णाजी आहे! आत्तापर्यंत कोणाच्या डोक्यातच आलं नाही, आता दरवेळी आठवणार.

मधली_सुट्टी
मी प्राथमिक शिक्षिका. २०२४ नंतरची बाळं अजून शाळेत यायचीत, ती आली की आमची हजेरी किती लांबेल ते देव जाणे. पण एक साधी परीक्षा सांगते. पूर्ण नाव मोठ्याने, हजेरी घेतल्यासारखं, दहा वेळा म्हणा. गोदावरी पल्लवी सत्यजित. गो-दा-व-री, पल्-ल-वी, सत्-य-जित. दोन "ई" शेजारी शेजारी येतात, वरी, लवी, ते कानाला छान लागतं, आणि सत्यजित शेवटी दार लावून घेतो. उलट एकाच अक्षराने संपणारी तिन्ही नावं आली की ओव्या म्हटल्यासारखं होतं. मला तर तुमचं हे नाव म्हणताना कुठे अडखळायला झालं नाही.

चिडवण्याबद्दल. गेल्या वर्षी माझ्या वर्गात एक भागीरथी आली. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना भागीरथीची गोष्ट सांगितली, राजाने किती वर्षं तप करून नदी खाली आणली. आठवडाभर पोरं तिला विचारत होती तू खरंच आकाशातून आलीस का. बाईंनी नाव कसं उच्चारलं यावर पुष्कळ अवलंबून असतं हो. द्वारकाताईंच्या बाईंनी त्या दिवशी वर्गाला समुद्रातल्या सोन्याच्या नगरीची गोष्ट सांगितली असती तर?

सातासमुद्रापार
आम्ही न्यू जर्सीत. लेक यमुना, नऊ वर्षांची, सासूबाईंच्या आईचं नाव. इथे ते कोणालाच जुनाट वाटत नाही कारण इथे सगळीच आपली नावं सारखीच नवीन! शिक्षिकेने पहिल्या दिवशी नीट म्हटलं, या-मु-ना. माझं ज्ञानदा नाव मात्र वीस वर्षांत एकाने नीट घेतलं नाही.

मधल्या नावाची इथली भानगड वेगळी. भारतीय पासपोर्टवर मधल्या नावाला रकानाच नसतो, दिलेलं नाव आणि आडनाव असे दोनच. त्यामुळे माझ्या पासपोर्टवर माझं नाव आणि बाबांचं नाव एकाच ओळीत आलं आणि इथल्या सगळ्या कागदांवर बाबांचं नावही माझ्याच नावाचा भाग झालं. डॉक्टरकडे पुकारा होतो ज्ञानदा वसंत! बाबा गेले तेव्हा मी एका दवाखान्यात बसले होते आणि नर्सने तसं पुकारलं. मी काही दुरुस्त केलं नाही. यमुनेच्या वेळी आम्ही ठरवून मधे माझं नाव दिलं, यमुना ज्ञानदा. लोक विचारतात वडिलांचं का नाही, तर आडनाव आहे की त्यांचं.

तुम्ही पुढे बाहेर जायचा विचार करत असाल तर पासपोर्टला तिन्ही नावं एका रकान्यात जातील हे लक्षात ठेवा, विमानाच्या तिकिटावर आडवंतिडवं छापलं जातं.

एकटीच_बरी
माझ्या मुलीच्या मधे फक्त माझं नाव आहे. पाच वर्षांपूर्वी एका शाळेत प्रवेशाला गेलो तर समोरच्याने तीनदा विचारलं, वडिलांचं नाव? आता फॉर्मवरच आईचं नाव आधी आहे हे बघून बरं वाटतं. लेकीचं नाव मुक्ता आहे, जुनं की नवीन माहीत नाही, मला हवं होतं म्हणून ठेवलं.

कोरा_कागद
मुक्ता. काय नाव ठेवलंत.

बोरूबहाद्दर
लग्नात नाव बदलायची पद्धत अजून किती आहे? ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहायचं, तो विधी. फोटोत तरी दिसतो अजून.

चाफ्याचं_झाड
आहे की. माझं १९९४ चं लग्न. मला आधी कोणी विचारलंही नव्हतं. ताटात तांदूळ, हातात अंगठी, नवरा लिहितोय आणि मी वाकून वाचतेय की आजपासून माझं नाव काय. "ऋ" होतं पहिलं अक्षर, तांदळात ते नीट उमटेना, तांदूळ घसरून पुन्हा भरून यायचे, तीनदा लिहिलं. सगळे हसत होते, मीही हसले. आज तीस वर्षं झाली, सासरी मी ऋजुता आणि माहेरी मंदा. आई गेली तेव्हापासून मला मंदा म्हणणारं एकच माणूस उरलंय, धाकटा भाऊ, तो फोन करतो तेव्हा मी आधी काही बोलत नाही, त्याला "मंदे" म्हणू देते.

सांजवात, तू ठेव गं ते नाव.

घाटमाथा
आमच्या लग्नात मी ताटात बायकोचं होतं तेच नाव लिहिलं. गुरुजी म्हणाले हे तर जुनंच आहे, मी म्हटलं हो, मला हेच आवडलं म्हणून तर लग्न केलं.

तिखटमीठ
घाटमाथा, हे आधी सांगायचं होतंत, माझ्या नवऱ्याला धागा पाठवते.

सांजवात
चाफाताई, रडवलंत.

अपडेट, नवीन अडचण. गुरुजींनी पत्रिका केली, नक्षत्र हस्त, तिसरं चरण, अक्षर आलं "ण". सासूबाई म्हणतात अक्षरावरूनच नाव हवं. ण वरून काय नाव असतं सांगा मला!

पाटीपेन्सिल
हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. चारातली तीन अवघड. माझ्या भावाचं "ठ" होतं, कागदावर ठकसेन लिहिलंय पत्रिकेत, त्याला अजून माहीत नाही.

ण आला की लोक न वरून ठेवतात. नर्मदा!!! पत्रिकेत नर्मदा, पालिकेत गोदावरी. नदीला नदी.

नोंदवही
अगदी बरोबर, नावरस नाव पत्रिकेपुरतं. आमच्याकडे पत्रिका कोणी मागत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
आता कसं! दोन नद्या एका पोरीत. आमच्या जिल्ह्याला उन्हाळ्यात एक पण पुरत नाही बाप्पा, इकडे पाठवा तिला लवकर.

ठसठशीत
उद्या लिहिते म्हणाले होते, तीन दिवस लागले.

ठेचा भाऊंचं वाचून मी आईला फोन केला. विचारलं, मी नाव बदललं तेव्हा तुला काय वाटलं होतं? ती म्हणाली, काही नाही, तुझे आजोबा गप्प झाले होते दोन दिवस, मग म्हणाले तिला जे सोपं जातं ते करू दे. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. आजोबा मला "द्वारके" अशी हाक मारायचे, के लांबवून, ओसरीवरून परसापर्यंत ऐकू जायची. नवीन नावाने त्यांनी मला एकदाही हाक मारली नाही, नुसतं "बाळ" म्हणायचे. मला वाटायचं रागावलेत.

माझं मत अजूनही पूर्ण बदललेलं नाही. मुलीला पुढे त्रास झाला तर तिचं ऐका, तिला नाव बदलायचं असेल तर कळशी मधे आणू नका. पण तिला लहानपणापासून त्या नावामागचं माणूस सांगा. मला द्वारका म्हणजे एक यात्रा एवढंच माहीत होतं. आजोबांनी तिथे समुद्रात उभं राहून नात मागितली होती, नातू नाही, हे मला आईने परवा सांगितलं, सत्तेचाळिसाव्या वर्षी.

रानमेवा
१९७८ साली नात मागणारे आजोबा. द्वारकाताई, तुम्हाला हव्या होत्या हो.

चाफ्याचं_झाड
❤️

शेवग्याची_शेंग
बारसं झालं का गं सांजवात? आज रविवार. वाट बघतोय सगळे.

सांजवात
झालं! उशिरा लिहितेय, माफ करा, पाहुणे आत्ता गेले.

तर आत्या आली ती तोंड पाडूनच आली होती. मी काल रात्री तिला हा धागा पाठवला होता, काही बोलली नव्हती. पाळणा सजवला, गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं, मग आत्या वाकली आणि बाळाच्या कानाशी "कुर्र्र" करून म्हणाली "गोदावरी". आणि मागे बायकांनी पाठीत धपाटे घालेपर्यंत तिथेच वाकून राहिली. उठली तेव्हा डोळे पुसत होती. म्हणाली, वहिनी, नुसतं गोदाबाई वाटलं होतं गं, पूर्ण नाव कानात सांगताना वेगळंच वाटलं. सासूबाईंना नर्मदा पत्रिकेत मिळाली, त्या खूश. त्यांनी स्वतःहूनच सगळ्यांना सांगितलं की आमची नात दोन नद्यांची आहे.

माझी आजी आली होती, ब्याऐंशी वर्षांची, म्हणजे गोदावरीची लेक. तिला आम्ही आधी काही सांगितलं नव्हतं. नाव ऐकलं आणि ती एकदम म्हणाली, "अगं, हे आईचं नाव." तिला माहीत होतं! तिची आई दुपारी एकटी असली की जात्यावरच्या ओवीत शेवटी स्वतःचं नाव गुंफायची, तेव्हा गोदा म्हणायची, सुशीला नाही. आजीने लहानपणी ते ऐकलं होतं आणि कधी कोणाला बोलली नव्हती, आईचं नाव तोंडाने कसं घ्यायचं म्हणून. आताही घेत नाहीये. पाळण्याशी बसून बाळाला "अगं आई, झोप की गं" म्हणतेय.

कळशीत घुगऱ्या भरून वाटल्या. आईने कळशीचा कोरलेला भाग मुद्दाम पुढे ठेवला होता. उद्या फॉर्म भरतेय, गोदावरी पल्लवी सत्यजित, शेवटी आय, नोंदवही ताई, कागदावर लिहून ठेवलंय.

वऱ्हाडी_ठेचा
मावशीला वाचून दाखवलं सगळं. म्हणते, माझ्या नावाची लेक झाली तर लुगडं पाठवावं लागते. खण पाठवतो, पत्ता निरोपात टाका.

मधली_सुट्टी
ती जात्यावरची ओवी आजींना आठवते का? आठवत असेल तर लगेच मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेव, उद्यावर टाकू नकोस.

सांजवात
दोन ओळी आठवतात म्हणाली. सकाळी चहाच्या वेळी घेते.

तिखटमीठ
आणि घुगऱ्या हरभऱ्याच्या की गव्हाच्या? खोबरं घातलंत का? हे कोणी विचारतच नाहीये.

सांजवात
हरभऱ्याच्या, ओलं खोबरं घालून. आजीने सांगितलं म्हणून थोडा गूळही.